स्क्रॅचमधला गेम एडिटरबाहेर नेताना

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून गेम बनवायचं साधन. त्याच्या एडिटरमध्ये गेम चालतो तेव्हा बऱ्याच गोष्टी त्याच्या बाजूने आधीच जमून आलेल्या असतात. कॉम्प्युटर ओळखीचा, कीबोर्ड ओळखीचा, कोणती की कशासाठी हे खेळणाऱ्याला पाठ, आणि काही अडकलंच तर लाल बटण हाताशी. गेम वेबवर टाकला की यातलं काही उरत नाही. वेबसाठी फाइल तयार करणं दहा मिनिटांचं काम आहे. खरा वेळ लागतो तो समोर अनोळखी खेळाडू आहे असं धरून गेमची डागडुजी करायला, आणि तो द्यावाच. इथे मुख्यतः स्क्रॅच, टर्बोवॉर्पचा पॅकेजर (स्क्रॅचच्या गेमची वेबसाठी फाइल करून देणारं साधन) आणि इच डॉट आयओ (गेम चढवायची साइट) या वाटेबद्दल लिहितो आहे, कारण ब्लॉक जोडून गेम करायला शिकणाऱ्यांसाठी ती मला सगळ्यांत सरळ वाटते.

आधी एक साधा प्रश्न: स्क्रॅचच्याच साइटवर शेअर करून भागणार असेल तर वेगळं पान कशाला? खूपदा भागतंच. खात्याचा ईमेल पक्का केलेला असला की 'शेअर' दाबलं, काम झालं. शेअर केलेला प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए २.० परवान्याखाली जातो. म्हणजे कोणीही तो उघडून आतले ब्लॉक पाहू शकतो, रीमिक्स करू शकतो, फक्त श्रेय द्यायचं आणि पुढे तोच परवाना ठेवायचा. शिकणाऱ्यासाठी हे उत्तम आहे. वेगळं पान लागतं ते गेम ४८० बाय ३६० च्या चौकटीतून बाहेर काढायचा असेल, सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम हव्या असतील, गेमच्या आजूबाजूला एडिटरचं काहीच दिसायला नको असेल किंवा तो फोनवर नीट बसवायचा असेल तेव्हा.

पॅक करण्याआधी गेममध्येच करायच्या दुरुस्त्या

स्क्रॅचचा प्रकल्प ज्या एसबी३ फाइलमध्ये सेव्ह होतो, ती मुळात झिप असते. आत एक जेसन फाइल (प्रकल्पाची लिखित नोंद) आणि सगळे कॉस्च्यूम (पात्रांची चित्रं), सगळे आवाज. त्या जेसनमध्ये फक्त ब्लॉक नसतात. सेव्ह करताना प्रत्येक स्प्राइट (गेममधलं पात्र किंवा वस्तू) कुठे होता, कोणत्या कॉस्च्यूममध्ये होता, दिसत होता की लपवलेला, प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय होतं, हेही त्यात असतं. खेळाडूला हिरवा झेंडा, म्हणजे गेम सुरू करायचं बटण, दाबण्याआधी हीच स्थिती दिसते. चाचणी करून 'गेम ओव्हर'ची पाटी समोर असताना सेव्ह केलं, तर तुमच्या गेमची पहिली ओळख म्हणून तीच पाटी दिसणार. 'हाय स्कोअर' साध्या व्हेरिएबलमध्ये असेल तर तुमच्या चाचणीतला आकडा जगभर सगळ्यांना मिळणार, आणि तो मोडायला बिचारे झटत बसणार.

उपाय दोन. पहिला: प्रत्येक स्प्राइटच्या हिरव्या झेंड्याखाली त्याची जागा, दिशा, आकार, कॉस्च्यूम, दिसणं-लपणं आणि ग्राफिक इफेक्ट स्पष्टपणे ठरवा. 'तो आधीपासूनच तिथे आहे' असं गृहीत धरू नका. दुसऱ्या डावात तो तिथे नसतो. दुसरा: शेवटचं सेव्ह करण्याआधी गेम सुरू करा, सुरुवातीच्या पडद्यावर आणा, थांबवा, व्हेरिएबल आणि लिस्ट रिकाम्या करा, मग सेव्ह करा.

'स्टॉप ऑल' हा सगळं एकदम थांबवणारा ब्लॉक शोधून काढा. गेम संपला की तो लावायची सवय सगळ्यांनाच असते. एडिटरमध्ये पुन्हा झेंडा दाबता येतो म्हणून चालून जातं. पॅक केलेल्या पानावर तुम्ही झेंड्याची पट्टी लपवलीत, की खेळाडू तिथेच अडकला. पान पुन्हा लोड करण्याखेरीज त्याच्याकडे मार्ग नाही. त्याऐवजी गेम संपल्यावर 'संपला' असा ब्रॉडकास्ट (सगळ्या स्प्राइटांना जाणारा निरोप) पाठवा, ज्या स्प्राइटांना थांबायचंय त्यांनी तो ऐकून 'स्टॉप अदर स्क्रिप्ट्स इन स्प्राइट' वापरावा, क्लोनांनी (गेम चालू असताना काढलेल्या स्प्राइटच्या प्रतींनी) स्वतःला मिटवावं, आणि पडद्यावर 'पुन्हा खेळा' असं बटण यावं. ते बटण 'नवा डाव' असा ब्रॉडकास्ट पाठवेल. म्हणजेच डाव सुरू करण्याचं सगळं काम झेंड्याखालून काढून 'नवा डाव'खाली न्यायचं आणि झेंड्याने फक्त सुरुवातीचा पडदा दाखवायचा. ही एक दुरुस्ती अर्धा-एक तास खाते, पण तिच्याशिवाय गेम बाहेर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक दोष फक्त पॅक केल्यावरच बाहेर येतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. स्वतः बनवलेल्या ब्लॉकला 'रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश' अशी खूण करता येते. मग त्यातलं लूप मध्ये पडदा न रंगवता एका दमात पळतं. स्क्रॅचमध्ये अशा लूपला अर्ध्या सेकंदाची मर्यादा आहे. तेवढ्यात ते संपलं नाही तर स्क्रॅच मध्येच थांबून पडदा रंगवतो. टर्बोवॉर्पमध्ये हीच सोय 'वॉर्प टायमर' या नावाने आहे, पण ती वेग खाते म्हणून फक्त एडिटरमध्ये आपोआप चालू असते. पॅक केलेल्या गेममध्ये ती बंद असते. त्यामुळे अशा ब्लॉकच्या आत 'फॉरएव्हर' असेल, किंवा 'वेट अनटिल'ची अट दुसऱ्या स्प्राइटने काही केल्यावरच पुरी होणारी असेल, तर एडिटरमध्ये फक्त किंचित अडखळणारा गेम पानावर अख्खा टॅब गोठवतो. 'माझ्याकडे तर चालत होतं' या तक्रारीमागे खूपदा हेच असतं. असे ब्लॉक फक्त हिशोबासाठी ठेवा: टक्कर तपासणं, लिस्ट भरणं, पेनने चित्र काढणं. वाट पाहणारं काहीही त्यांच्या बाहेर.

मजकुराबद्दल एक गोष्ट, खास आपल्या लिपीसाठी. स्क्रॅचच्या व्हेक्टर चित्रात मराठी लिहिता येतं, पण तिथले सोबतचे फॉन्ट देवनागरीचे नाहीत. अक्षरं त्या त्या यंत्रातल्या फॉन्टने रंगवली जातात. तुमच्या पडद्यावर बटणात नेमका बसलेला 'सुरू करा' दुसऱ्याच्या फोनवर बटणाबाहेर जाऊ शकतो. मजकूर पक्का झाला की त्या कॉस्च्यूमची एक प्रत करून ठेवा आणि मूळ कॉस्च्यूम 'कन्व्हर्ट टू बिटमॅप' करून टाका. मग तो सगळीकडे सारखाच दिसतो. प्रत यासाठी, की बिटमॅप झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. शब्दखेळ करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: 'लेंग्थ ऑफ' आणि 'लेटर ऑफ' हे ब्लॉक मात्रा वेगळ्या मोजतात. 'मराठी' या शब्दाची लांबी ५ येते आणि तिसरं 'अक्षर' नुसता काना. शब्द ओळखायच्या गेममध्ये अक्षरं आधीच तोडून लिस्टमध्ये भरून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

पॅकेजर

टर्बोवॉर्प हा स्क्रॅचचाच सुधारित अवतार आहे. स्क्रॅच ब्लॉक एकेक वाचत चालवतो, टर्बोवॉर्प ते आधी जावास्क्रिप्टमध्ये बदलून घेतो, म्हणून जड गेम तिथे खूप वेगाने पळतात. त्याच मंडळींचा पॅकेजर एसबी३ फाइल घेतो आणि वेबसाठीची फाइल देतो. शेअर केलेल्या प्रकल्पाचा क्रमांक देऊनही चालतं, शेअर न केलेल्याचा चालत नाही. तेव्हा एडिटरमधून 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर' करून ती फाइलच द्यावी.

पर्यायांची यादी पाहून हात शिवशिवतात. आवरा. प्रत्येक खूण म्हणजे तुम्ही तपासलेला गेम बदलणं. काही उदाहरणं देतो.

फ्रेमरेट ६० केला की 'चेंज एक्स बाय ५' हा ब्लॉक सेकंदाला तीसऐवजी साठ वेळा चालतो. गेम गुळगुळीत होतो तसाच दुप्पट वेगवानही. उडी, गुरुत्वाकर्षण, शत्रूंचा वेग सगळंच नव्याने जुळवावं लागतं, आणि गुरुत्वाकर्षण नुसतं निम्मं करून भागत नाही. प्रत्येक फ्रेमला वेग वाढतो आणि त्या वेगाने जागा बदलते, त्यामुळे फ्रेम दुप्पट झाल्या की उडीचा सुरुवातीचा वेग निम्मा आणि गुरुत्वाकर्षण पाव करावं लागतं. हे करायचं नसेल तर 'इंटरपोलेशन' वापरा: हिशोब तीसनेच होतो, फक्त हालचाल मधल्या जागा भरून दाखवली जाते.

'इन्फिनिट क्लोन्स' स्क्रॅचची ३०० क्लोनांची मर्यादा काढतं. काही गेम त्या मर्यादेवर नकळत टेकून असतात: गोळ्या कधीच मिटवल्या जात नाहीत, तीनशेला नव्या गोळ्या निघायच्या थांबतात, तेवढ्यात डाव संपतो. मर्यादा काढली की क्लोन साचत जातात आणि दोन मिनिटांत गेम रांगू लागतो. 'रिमूव्ह फेन्सिंग' स्प्राइटला स्टेजच्या पूर्ण बाहेर जाऊ देतं. कडेला अडण्यावर अवलंबून असलेली स्क्रिप्ट मग चुकते. टर्बो मोड (ब्लॉक शक्य तितक्या वेगाने पळवणारा) तर गेमसाठी जवळजवळ कधीच नको. 'हाय क्वालिटी पेन' मात्र पेनने रंगवणाऱ्या गेमला बेधडक द्या. मोठ्या पडद्यावर रेषा स्वच्छ दिसतात.

जे पर्याय हवेत ते आधी टर्बोवॉर्पच्या एडिटरमध्ये लावून अख्खा गेम खेळून पाहा, मगच पॅक करा. आणि पॅकेजरमधून सेटिंगची फाइल एक्स्पोर्ट करून एसबी३ शेजारी जपून ठेवा. दोन महिन्यांनी दुरुस्ती करताना कोणत्या खुणा केल्या होत्या ते कोणालाच आठवत नाही.

'ऑटोप्ले' बंद ठेवावं, असा माझा आग्रह आहे. ते बंद असलं की गेमवर मोठा हिरवा झेंडा येतो आणि खेळाडूला तो दाबावा लागतो. त्या एका क्लिकने दोन अडचणी मिटतात. एक, आवाज: क्रोमने २०१८ पासून, आणि बाकीच्या ब्राउझरांनीही, पानाला खेळाडूने स्पर्श करेपर्यंत आवाज रोखून धरायला सुरुवात केली. आपोआप सुरू होणाऱ्या गेमचं सुरुवातीचं संगीत म्हणूनच ऐकू येत नाही. दोन, फोकस: गेम दुसऱ्या पानाच्या आत आयफ्रेममध्ये बसलेला असतो, आणि त्या चौकटीत क्लिक होईपर्यंत बाणांच्या की बाहेरच्या पानाला जातात. खेळाडू उजवा बाण दाबतो, काही हलत नाही. खाली दाबतो, पान सरकतं. गेम बंद पडलाय असं समजून तो निघून जातो.

शेवटी स्वरूप: 'प्लेन एचटीएमएल' की 'झिप'? प्लेनमध्ये सगळं एका फाइलमध्ये कोंबलेलं असतं. ती पेनड्राइव्हवरून डबल-क्लिक करूनही चालते, मेलने पाठवता येते. झिपमध्ये आवाज आणि चित्रं वेगळ्या फाइलींत राहतात. एकूण आकार थोडा कमी होतो, पण ती उलगडून त्यातलं पान डबल-क्लिकने उघडलं तर चालत नाही, कारण थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारच्या फाइली वाचायला ब्राउझर परवानगी देत नाही. हा गेमचा दोष समजून पुन्हा पुन्हा पॅक करत बसू नका. त्या फोल्डरमध्ये पायथनचा छोटा सर्व्हर सुरू करा किंवा सरळ साइटवर चढवून तपासा. छोट्या गेमला मी प्लेनच सुचवेन.

वजन

गेम जड होतो तो बहुतेक आवाजामुळे. १६ बिटचा, एका चॅनेलचा, ४४.१ किलोहर्ट्‌झचा वेव्ह आवाज सेकंदाला ८८,२०० बाइट घेतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ५.३ एमबी. तेच संगीत १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये मिनिटाला एक एमबीच्या आत बसतं. स्क्रॅचमध्ये एमपी३ चढवला तर तो एमपी३च राहतो. पण साउंड टॅबमध्ये जाऊन त्याला जरा कापलं, फेड दिला, आवाज वाढवला, की तो वेव्ह होऊन सेव्ह होतो. म्हणून दोन एमबीचं गाणं कापून छोटं केलं आणि फाइल मोठी झाली, असं होतं. काटछाट ऑडॅसिटीसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, ९६ किंवा १२८ केबीपीएसला एमपी३ काढा, स्क्रॅचमध्ये चढवा आणि त्यानंतर त्याला हात लावू नका. पार्श्वसंगीताला एक-दीड मिनिटाचा तुकडा पुरतो.

चित्रांमध्ये वापरात नसलेले कॉस्च्यूम आधी काढा. लायब्ररीतून घेतलेल्या स्प्राइटसोबत अनेक येतात. व्हेक्टर चित्र फाइल म्हणून हलकं असलं, तरी हजारो बिंदूंचं असेल तर प्रत्येक वेळी मोठं-छोटं करताना दमवतं. असं पार्श्वचित्र बिटमॅप केलेलं बरं.

कीबोर्ड आणि फोन

डब्ल्यू-ए-एस-डी या की देताना बाणही द्या. 'की प्रेस्ड' हा ब्लॉक कीवरच्या जागेकडे नाही, तर उमटणाऱ्या अक्षराकडे पाहतो. खेळाडूने मराठी इनस्क्रिप्ट लेआउट चालू ठेवला असेल तर डब्ल्यूची की दाबून डब्ल्यू उमटतच नाही आणि स्प्राइट हलत नाही. फ्रेंच कीबोर्डवर त्यातल्या डब्ल्यू आणि ए यांच्या जागाच वेगळ्या. बाण आणि स्पेसबार सगळीकडे तेच असतात.

फोनवर कीबोर्डच नाही, आणि पान उघडणाऱ्यांत फोनवाले पुष्कळ असतात. पडद्यावर बटणं काढून काम भागतं, पण तीन खाचखळगे आहेत. पहिला: स्क्रॅचला एकच माऊस ठाऊक आहे. दोन बोटं एकदम टेकली तरी दोन बटणं दाबली असं त्याला कळत नाही, म्हणजे 'उजवीकडे पळत उडी' दोन बटणांनी होत नाही. फोनसाठी एका बोटाचा खेळ आखा: पळणं आपोआप, स्पर्श केला की उडी. किंवा बोट जिकडे तिकडे स्प्राइट. दुसरा: बोट उचलल्यावरही माऊसची जागा शेवटच्या ठिकाणीच राहते. फक्त 'टचिंग माऊस-पॉइंटर' तपासलं तर बटण दाबलेलंच राहतं आणि स्प्राइट भिंतीत घुसत जातो. त्याला 'माऊस डाउन' ही अट 'अँड'ने जोडा. तिसरा: आकार. उभ्या धरलेल्या फोनवर पानाची रुंदी साधारण ३६० पिक्सेल असते, तर स्टेज ४८० ची. सगळं पाऊण होतं. बोटासाठी निदान ४८ पिक्सेलचं बटण हवं म्हटलं तर स्टेजवर ते ६४ चं काढावं लागेल. स्क्रॅचमध्ये शोभून दिसणारी ३० ची गोंडस बटणं फोनवर दाबताच येत नाहीत.

आयफोनवरचा ब्राउझर गेमला खरा फुलस्क्रीन देत नाही. तेव्हा फुलस्क्रीनशिवाय गेम खेळता येईल असाच ठेवा.

स्कोअर जपणं

स्क्रॅचवरची क्लाउड व्हेरिएबल, म्हणजे ढगाची खूण असलेली, साइटवर सगळ्यांसाठी एकच आकडा ठेवतात. त्यात फक्त अंक मावतात, एका प्रकल्पात १० च असतात, आणि ती नव्या खात्याला मिळत नाहीत. गेम पॅक केला की त्याचा स्क्रॅचच्या सर्व्हरशी संबंध तुटतो. पॅकेजरमध्ये तुम्हाला निवडावं लागतं: टर्बोवॉर्पचा सर्व्हर, तुमचा स्वतःचा सर्व्हर, की ब्राउझरमधलं लोकल स्टोरेज. टर्बोवॉर्पचा सर्व्हर एकाच वेळी खेळणाऱ्यांना जोडण्यासाठी आहे. सगळे निघून गेले की आकडे कायम टिकतील अशी अपेक्षा धरू नका. 'सर्वांत जास्त गुण' एकाच खेळाडूला त्याच्याच यंत्रावर पुन्हा दिसावेत, एवढंच हवं असेल तर लोकल स्टोरेज निवडा, आणि तो आकडा ढगाची खूण असलेल्या व्हेरिएबलमध्येच ठेवा. साधं व्हेरिएबल जपलं जात नाही. खासगी विंडोत किंवा ब्राउझरचा साठा पुसल्यावर तो जाणारच.

'यूजरनेम' हा ब्लॉकही पानावर खरं नाव देत नाही, 'प्लेअर' आणि पुढे काही आकडे येतात. त्या नावावर गेम बांधला असेल तर 'आस्क अँड वेट'ने टोपणनाव विचारा. टेक्स्ट-टू-स्पीच आणि ट्रान्सलेट वापरले असतील तर त्यांना इंटरनेट लागतं, हे पानावर लिहा.

इच डॉट आयओवर चढवणं

नवा प्रोजेक्ट उघडला की 'काइंड ऑफ प्रोजेक्ट'मध्ये एचटीएमएल निवडा. हे राहिलं तर गेम पानावर खेळता येण्याऐवजी डाउनलोडची फाइल होऊन बसतो. फाइल चढवल्यावर तिच्याखाली 'ही फाइल ब्राउझरमध्ये खेळली जाईल' या अर्थाची खूण असते, तीही करा. पैसे नको असतील तर 'नो पेमेंट्स'.

झिप चढवत असाल तर 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' ही फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. सर्वाधिक होणारी चूक हीच: पॅकेजरने दिलेली झिप लोक उलगडतात, मग फोल्डरवर राइट-क्लिक करून पुन्हा झिप करतात, आणि इंडेक्स एका फोल्डरच्या आत जाऊन बसतं. पॅकेजरने दिलेली झिप जशीच्या तशी चढवा. हाताने झिप करावीच लागली तर फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फाइली निवडा आणि त्यांची झिप करा. फाइलींची नावं रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. सर्व्हर मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक करतो, विंडोज करत नाही, म्हणून घरी सापडणारी फाइल तिथे सापडत नाही. इचची मर्यादा उलगडल्यावर १००० फाइली, एकूण ५०० एमबी आणि एका फाइलला २०० एमबी अशी आहे. ब्लॉकने केलेला गेम तिच्या जवळपासही जात नाही.

चौकटीचा आकार विचारला जातो तेव्हा ९६० बाय ७२० लिहायचा मोह होतो, कारण ते ४८० बाय ३६० च्या बरोबर दुप्पट. पण १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या पट्ट्या वजा जाता तेवढी उंची उरतच नाही, आणि गेमचा खालचा भाग, जिथे बहुधा जमीन आणि खेळाडू असतो, दिसेनासा होतो. ६४० बाय ४८० ठेवा आणि फुलस्क्रीनचं बटण चालू करा. प्रमाण ४:३ च राहू द्या, नाहीतर बाजूला रिकाम्या पट्ट्या येतात. फोनची सोय केली असेल तरच 'मोबाइल फ्रेंडली'वर खूण करा.

कव्हरचं चित्र ६३० बाय ५०० चं करा. यादीत ते खूप लहान दिसतं, तेव्हा एक मोठा स्प्राइट आणि मोठ्या अक्षरांतलं नाव पुरे. वर्णनात पहिल्या दोन ओळींत गेममध्ये काय करायचं आणि कोणत्या की, हे यावं.

पान आधी 'ड्राफ्ट' ठेवा. मग खासगी विंडोत, दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि फोनवर खेळून पाहा. गेम कधीच न पाहिलेल्या एका माणसाला द्या आणि तो खेळताना गप्प बसा. तो कुठे क्लिक करतो, कशावर थबकतो, हे लिहून घ्या. तुम्ही तोंड उघडून सांगितलेली प्रत्येक गोष्ट पडद्यावर लिहायची राहिलेली असते.

गिटहब पेजेस, म्हणजे गिटहबवर ठेवलेल्या फाइलींचं वेबपान करणारी सोय, हाही चांगला पर्याय आहे, विशेषतः जाहिरात-यादी काही नको, फक्त एक दुवा हवा असेल तेव्हा. रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये) इंडेक्स डॉट एचटीएमएल ठेवायचं आणि पेजेस चालू करायचं. ब्राउझरमधून चढवताना एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे. दुरुस्ती चढवल्यावर जुनाच गेम दिसला तर घाबरू नका, साठवलेली प्रत काही मिनिटं राहते. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा.

दुसऱ्याचं काम आणि मुलांची माहिती

संगीत आणि चित्रं कुठून घेतली ते गेम करतानाच एका फाइलीत लिहीत चला. शेवटी आठवून लिहायला गेलं की निम्मी सुटतात. केनी या गेमसाठी चित्रं देणाऱ्या साइटवरची चित्रं सीसी-झीरोखाली (हक्क सोडून देणाऱ्या परवान्याखाली) आहेत, श्रेयाचीही सक्ती नाही. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो, काही व्यापारी वापराला मनाई करणारे. कोणाच्या स्क्रॅच प्रकल्पाचा रीमिक्स असेल तर मूळ प्रकल्पाचा दुवा, करणाऱ्याचं स्क्रॅचवरचं नाव आणि बीवाय-एसएचा उल्लेख पानावर हवाच. स्क्रॅचची ती नारिंगी मांजर हा ट्रेडमार्क आहे. सरावाच्या गेममध्ये ठीक, पण स्वतंत्र पानावर, त्यातही पैसे घेणार असाल तर, स्वतःचा नायक काढा. साधा चौकोन आणि दोन डोळेही चालतात.

पॅक केलेला गेम बंद पेटीत गेला असं समजू नये. त्यातून पुन्हा प्रकल्प बाहेर काढता येतो, आवाजांच्या नावांसकट. मुलाने बनवलेल्या गेममध्ये त्याचं पूर्ण नाव, शाळा, फोटो किंवा स्वतःची ओळख सांगणारं रेकॉर्डिंग राहिलं आहे का, हे एका मोठ्या माणसाने प्रत्येक स्प्राइट उघडून पाहावं, आणि इचसारख्या साइटवरचं खातं पालकांनीच सांभाळावं. गुप्त संकेतशब्दाने उघडणारी लेव्हल ठेवायला हरकत नाही, फक्त तो शब्द कोणीही वाचू शकतो हे धरून चाला.

मेककोड आर्केड असेल तर

मायक्रोसॉफ्टच्या मेककोड आर्केडमध्ये, म्हणजे ब्लॉकने गेम बनवायच्या दुसऱ्या एका साधनात, हे बरंचसं सोपं आहे, कारण मुळातच सगळं आखीव आहे: पडदा १६० बाय १२०, रंग सोळा, त्यातला एक पारदर्शक. 'शेअर' दाबलं की दुवा मिळतो, आणि फोनवर उघडला तर दिशेची कळ आणि ए-बी बटणं आपोआप येतात. लक्ष एकाच गोष्टीकडे द्यायचं. साइन-इन न करता केलेलं प्रत्येक शेअर म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत. नंतर चूक सुधारलीत तरी जुन्या दुव्यावर चूक तशीच राहते, नव्या शेअरला नवा दुवा मिळतो. म्हणून दुवा सगळ्यांना वाटण्याआधी तो स्वतःच्या फोनवर उघडा, पहिल्या लेव्हलपासून शेवटपर्यंत एकदा खेळा, मुद्दाम एकदा हरा आणि पुन्हा डाव सुरू होतो का ते पाहा.